बारा आणि दहा पूर्णांक अठ्ठावीस

गणपती पेठेत, हळदीच्या अडतीमागं
पत्र्याच्या खोलीत माझं दुकान.
तासाला साठ रुपये.
एक काळा डबा, एक पांढरा.
काळा चौकोनी, गादीवर मांडी घालून बसलेल्या अडत्यासारखा.
पांढऱ्याची कॉलर वर,
लग्नात उगाच स्टेजजवळ घुटमळणारा करवला.

तेजपाल मगदूम म्हणतो, काळ्यात बारा टेराफ्लॉप.
बारा म्हणजे बारा, लका. विषय संपला.
इलियास म्हणतो, आमचे दहा पूर्णांक अठ्ठावीस,
पण डिस्क बघ की, दुपटीनं पळती,
दार ढकलायच्या आत पलीकडचं शहर उभं.
तेजपाल म्हणतो, पळवून काय करतो, शर्यतीचा बैल आहे का?
इलियास म्हणतो, तुझ्या तर नावातच फ्लॉप आहे.
साठ साठ रुपये भरलेत दोघांनी,
चाळीस मिनिटं गेली,
कंट्रोलर अजून गार.

एक टेराफ्लॉप म्हणजे
एका सेकंदात एकावर बारा शून्यं इतकी गणितं,
मी मधे पडून सांगितलं.
तेजपालला गणितात छत्तीस आहेत.
तो म्हणाला, तेच की. मला जमत नाहीत म्हणून तर डबा पाहिजे.

भाऊसो पाचोरे भाडं मागायला आलेले,
दारातच थांबले.
कानावर पेन्सिल, बोटं पिवळी, नखांच्या मुळापर्यंत.
चाळीस वर्षं त्यांनी भाव रुमालाखाली केला.
बोट दाबलं की आकडा,
वरती दोन्ही चेहरे दगडाचे.
"हे बारा न् दहा कुणी सांगितलं?"
कंपनीनं.
"म्हणजे विकणाऱ्यानंच. माल मोडून बघितला का?"
खिशातलं हळकुंड काढलं, इलियासच्या कानाशी नेऊन मोडलं.
कट्.
"हा आवाज आला की पैसे द्यायचे."

मोडता येत नाही, भाऊसो, मी म्हणालो.
पण उघडता येतं.

सोमवारी बाजार बंद, दुकान बंद, शटर अर्धं.
टेबलावर जुनं वर्तमानपत्र, त्यावर दोघं उताणे.
पोरं श्वास धरून, जसा कुणाचा अपेंडिक्स काढतोय.
काळ्याचा पंखा पिवळा.
पांढऱ्याचा पंखा पिवळा.
पात्यांवर मखमल, जाळीत गोळे,
तीन वर्षं पेठेची हवा ओढून ओढून
दोघांचीही हळद लागलेली.
आणि पितळी नळ्यांखाली
ज्या चिपवरून एवढी जुंपली होती
त्या दोन्ही एकाच घरातल्या.
माहेर एक, सासरं दोन.
हे मी आधीच वाचलं होतं. बोललो नव्हतो.
गिऱ्हाईक भांडतं तोवर मीटर चालू असतं.

ब्रशनं झाडलं, दोन पुड्या केल्या.
भाऊसोंनी नमुन्याचा काटा आणला, काचेचं झाकण असलेला.
काळा : तीन पूर्णांक दोन ग्रॅम.
पांढरा : तीन पूर्णांक नऊ.
इलियास खुर्चीवर चढला.
तेजपाल म्हणाला, जास्त हळद म्हणजे जास्त धापा,
दमेकऱ्याचं कौतुक कसलं?
इलियास म्हणाला, छाती मोठी असेल तर हवा जास्तच लागणार.
पुन्हा पहिल्यापासून.

भाऊसोंनी दोन्ही पुड्या हुंगल्या.
"राजापुरी. माझ्याच पोत्यातली."
पुड्या खिशात घातल्या,
त्या महिन्याच्या भाड्यातून काही वजा केलं नाही.

रात्री एकट्यानं पेस्ट लावली, झाकणं बसवली, वायर जोडली.
दोन्ही सुरू झाले, बिनआवाजाचे,
इतके की मला क्षणभर बंदच वाटले.
टेबलावर एक स्क्रू उरला.
कुणाचा, ते कळेना.
काळ्याला धरून बघितला, बसला.
पांढऱ्याला धरून बघितला, तिथंही बसल्यासारखा वाटला.

गल्ल्यात ठेवलाय, चिल्लरीत.
पोरांना सांगितलेलं नाही.